नखांवरचा जांभळा रंग

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आजही अक्काचंच नाव घेतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव मुक्ताईनगरजवळ. तेव्हा त्याला एदलाबाद म्हणत. घरी केळी आणि कपाशी. माझ्याआधी घरातलं कोणी मॅट्रिकपर्यंत पोहोचलं नव्हतं. अक्काला तर सातवीतून काढून जळगावला देऊन टाकलं होतं. मी मॅट्रिक झालो आणि वडील म्हणाले, आता बस झालं, मळ्यात ये. तेव्हा हीच अक्का एस.टी.नं घरी आली, ओट्यावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि म्हणाली, "त्याले माझ्यासंगे पाठवा, आबा. खाण्यापिण्याचं मी पाहीन. तुम्ही फक्त नही म्हणू नका."

वडील उठून मळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर जळगावला निघालो. पदवी हातात पडेपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो, तिच्याच हातचं जेवलो. मला आज चार लोकांत जो मान मिळतो, त्याच्या मुळाशी ती आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी तिला वाईट समजू नये. मला मात्र ते अजून गिळता आलेलं नाही.

तिचं घर जळगावच्या जुन्या भागात, तीन खोल्यांचं. मेव्हणे तेलगिरणीत कामाला होते. घरात तिची सासू आणि एक लहान नणंद, ती तेव्हा शाळेत जायची. मधल्या खोलीत खिडकीखाली अक्काचं पायाचं शिलाई मशीन होतं. लग्नानंतर ती क्लासला जाऊन मशीनवरची एम्ब्रॉयडरी शिकली होती आणि गल्लीतल्या बायका आपल्या पोरींना तिच्याकडे बघायला पाठवायच्या.

मी कॉलेजला गेलो तो दोन शर्ट घेऊन, आणि दोन्हींवर केळीचे डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की तो जन्माचा. तपकिरी-काळा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जात नाही. वर्गात मी हात छातीशी बांधून बसायचो आणि ती सवय घरीही लागली. अक्कानं काही दिवस पाहिलं. मग एका रविवारी बाजारातून कॉफी रंगाची पुडी आणली, जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात रंग आणि मूठभर मीठ टाकलं आणि माझे दोन्ही शर्ट त्यात बुडवले. मला काठी दिली. "ढवयत राह्य. थांबला तर पट्टे पडतीन."

मी ढवळत राहिलो. पातेल्यात माझा डागाळलेला शर्ट वर यायचा, खाली जायचा, आणि दर खेपेला थोडा अधिक गडद व्हायचा. सावलीत वाळल्यावर पाहिलं तर डाग कुठे होते ते मलाच सापडेना. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला किती हलकं वाटतं, हे ज्याचे शर्ट कायम स्वच्छ होते त्याला नाही समजायचं. त्या रविवारपासून मला या कामाची गोडी लागली.

पुढं मी तिच्याकडून सगळंच शिकलो. आधी उशांचे अभ्रे, मग पडदे, मग परकर-झबली. एम्ब्रॉयडरी शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यात सुईखालचा, कापड दाबून धरणारा फूट काढून टाकायचा आणि खालचे दाते पाडायचे, म्हणजे मशीन स्वतःहून कापड पुढं ओढत नाही. मग रिंगमध्ये ताणून बसवलेलं कापड आपण दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. पायांची चाल एक, हातांची वेगळी. पाय जोरात आणि हात हळू झाले की दोऱ्याचा गोळा होतो. उलट झालं की टाके लांब पडून पाकळी विस्कटते. माझे हात पहिल्यांदा इतके थरथरले की अक्का म्हणाली, "काय रे, केयीचा घड उचलतो तवा नही थरथरत, आन फुलाले भ्यायला?"

तिची सासू दारातून म्हणायची, "पोराले बी.ए. करून राह्यली का शिंपी?"

"दोनी," अक्का मान वर न करता म्हणायची.

आमच्या दोघांत एकाच गोष्टीवरून वाद व्हायचा. मशीनवर वरचा दोरा रीळातून येतो आणि खालचा बॉबिनमधून. नीट काम करायचं तर वरचा रंग बदलला की खालची बॉबिनही त्याच रंगाची भरायची. अक्का ते करायची नाही. बॉबिनमध्ये जो दोरा उरलेला असेल तो संपेपर्यंत चालवायचा, हा तिचा नियम. त्यामुळं तिच्या कामाची वरची बाजू पाहावी तर देखणी, आणि कापड उलटलं की हिरव्या पानाच्या मागे निम्मं पिवळं, निम्मं लाल. मी कुरकुर करायचो. ती म्हणायची, "उलटी बाजू पाह्याले कोन येतं?" मी मात्र प्रत्येक रंगाला बॉबिन भरायचो, आणि ती हसून म्हणायची, "भाऊ, तुह्या हाताचं काम दोन्हीकडून घालता येईन."

बी.ए. झाल्यावर मला धुळ्याला एका सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिली मोठी वस्तू घेतली ती जुनं पायाचं मशीन. कार्यालयातून आलो की हातपाय धुवायचे, चहा करायचा आणि मशीनचं झाकण काढायचं. रविवारी रंगकाम. आमच्या वाड्यातल्या आडाचं पाणी जड होतं, त्यात राणी रंग मळकट यायचा, पण जांभळा आणि मोरपंखी फार सुंदर चढायचे. दारातल्या दोरीवर मी रंगवलेल्या चादरी पाहून शेजारची मावशी थांबायची. ती सोनगीरकडची, बोलायची अहिराणीत.

"भाऊ, ह्या बठ्ठा फुलं तूच काढस का?"

"मीच, मावशी."

"मंग मना झंपर कधी शिवी देशी?" आणि पलीकडच्या बाईला ऐकू जाईल असं, "भारी शे हाऊ माणूस. याले बायको काय कामले लागी?"

त्या हसायच्या, मीही हसायचो. कार्यालयातही 'टेलर' म्हणून चिडवत. मला राग यायचा नाही. पण एकटेपणा जाणवायचा, हे खरं. एखादी चादर मनासारखी उतरली की ती कोणाला तरी दाखवावी, आणि त्या माणसानं पाहताक्षणी 'इथं गाठ सैल पडली' असं म्हणावं, एवढंच हवं असायचं. अक्काकडे ते मिळायचं. म्हणून मी महिन्यातून एकदा तरी जळगावला जायचोच.

अशाच एका रविवारी आम्ही तिच्या ओट्यावर कापड बांधत बसलो होतो. कापडात ज्वारीचा एकेक दाणा धरून त्याभोवती दोरा करकचून गुंडाळायचा. रंगवून सोडलं की तिथं पांढरी वेटोळी उमटतात. काम सोपं पण वेळखाऊ, आणि अशा कामात माणूस मनातलं बोलतो. अक्कानं लग्नाचा विषय काढला.

मी म्हणालो, "मले दुसरं काही नको. देणंघेणं नको, रूप नको. शिवणकाम येणारी पाहिजे. रविवारी दोघं बसू. एकानं काढायचं, एकानं रंगवायचं."

"लोकं हुंडा मांगता, तू दोरा मांगतो," अक्का म्हणाली. "आन येतं का नही हे कसं पाह्यशीन? पोरीवाले तर सांगतीनच, आमची पोर सारं करते."

"हात पाहीन. रंगकाम करणाऱ्याची नखं लपत नाहीत. कडेला रंग आठ-आठ दिवस राहतो. तुह्या नखाले पाह्य, माझ्या नखाले पाह्य."

तिनं आपली नखं पाहिली. माझी पाहिली. मग म्हणाली, "हां, हे तर खरं आहे." आणि पुन्हा दाणा उचलला.

त्यानंतर लवकरच स्थळ आलं. तिच्या सासूच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वडील दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, कॉलनीत क्वार्टर. मुलगी बारावी झालेली. अक्का म्हणाली, "तुले जशी पाह्यजे तशी आहे. मी मुद्दाम काही सांगत नही, तूच पाह्य."

आम्ही दीपनगरला गेलो. छोटं, नीटनेटकं क्वार्टर. टी.व्ही.वर भरतकाम केलेलं आच्छादन. खिडकीला बांधणीचा जांभळा पडदा. मधल्या टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ, त्याच्या चारी कोपऱ्यांत मशीनवर काढलेली कमळं. मला ती कमळं फार आवडली. पाकळीच्या टोकाला गडद आणि देठाकडे फिकट, अशी छटा घातली होती. शिकाऊ हाताला ते जमत नाही. आपल्याकडे मुलगी दाखवताना तिच्या हातचं काम मांडून ठेवण्याची रीत आहेच. पाहुण्यांनी ते पाहायचं, 'हे कोणी केलं' असं विचारायचं आणि मुलीच्या आईनं 'हिनंच' म्हणायचं. मलाही तसंच सांगितलं गेलं. कापड उलटून पाहायची इच्छा होती, पण त्यावर पोह्यांच्या बशा होत्या.

ती चहा घेऊन आली. कप देताना तिची बोटं माझ्यासमोर आली. प्रत्येक नखाच्या कडेला बारीक जांभळी रेघ होती.

मला मुलीला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं, "एम्ब्रॉयडरीची आवड आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"बांधणीला काय घेता, ज्वारी की मोहरी?"

ती क्षणभर थांबली. अक्का शेजारून म्हणाली, "लाजली रे ती. पोरीच्या जातीले परीक्षेसारखं काय विचारतो?" सगळे हसले. मीही हसलो. माझं ठरलं होतं. परतीच्या गाडीत मी अक्काला म्हणालो, नखं पाहिलीस ना? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाह्यली."

उन्हाळ्यात लग्न झालं. रुखवतात तोच टेबलक्लॉथ, तोच पडदा, शिवाय उशांचे अभ्रे आणि तोरण मांडलं होतं. पाहुण्यांच्या बायका हात लावून बघत होत्या. मला इतका अभिमान वाटत होता की मी दोनतीनदा कारण काढून तिकडून फेरी मारली.

धुळ्याला मी तयारी करून ठेवली होती. मशीन खिडकीजवळ सरकवलं होतं, शेजारी दुसरं स्टूल आणून ठेवलं होतं. दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावली होती. बायको घरात आली, सगळं पाहिलं, आणि "छान आहे" म्हणून स्वयंपाकघरात गेली.

पहिले काही दिवस मी काही म्हटलं नाही. नवं घर, नवं गाव. मग एकदा बसायला बोलावलं. ती म्हणाली, आज डोकं दुखतंय. पुढच्या रविवारी म्हणाली, आमच्याकडचं मशीन वेगळं होतं, हे मला जमणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी खांदा. श्रावणात उपास. मला वाटलं, मी समोर असल्यामुळं तिला संकोच वाटत असेल. बाईमाणसाला पुरुषानं शिवणकाम केलेलं चमत्कारिकही वाटत असेल. म्हणून मी मुद्दाम बाहेर जायचो, मशीन उघडं ठेवून. परत यावं तर झाकण घातलेलं असायचं.

गणपतीच्या आधी मखराचा पडदा करायला घेतला. एक फूल राहिलं होतं. मी म्हणालो, "मी रिंग धरतो, तू फक्त पाय मार. एवढं एकच पान."

तिला नाही म्हणता आलं नाही. ती स्टुलावर बसली. दोन्ही पाय फळीवर ठेवले आणि जोरात दाबले. चाक उलटं फिरलं. दोरा तटकन तुटला, खाली गुंता झाला आणि सुई अडकून बसली.

पायाच्या मशीनवर बसलेल्या कोणालाही हे माहीत असतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं चाक उलटं फिरतं. पहिल्या दिवशीच. नंतर पायच ते विसरत नाहीत, मशीन कोणतंही असो.

मी अडकलेली सुई सोडवली. ती बसूनच राहिली. मग म्हणाली, "मला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळेत शिवणाच्या तासाला माझी मैत्रीण ओवून द्यायची."

"आणि ती कमळं?"

"जळगावच्या वन्संनी केली."

मी ट्रंक उघडली. टेबलक्लॉथ काढून उलटा केला. एका कमळाच्या मागे हिरवा दोरा, मध्येच तो संपून केशरी, पुढे पांढरा. दुसऱ्याच्या मागेही तसंच. मी तो हात इतकी वर्षं पाहत होतो आणि वरून ओळखला नव्हता. किंवा ओळखला असेल, पण हवं तेच दिसत होतं.

"नखांना रंग कसा लागला मग?"

ती आता रडत होती, पण सांगत होती. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या होत्या. वाटीत रंग कालवून आणला. म्हणाल्या, बोटं बुडवून बस. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, तो नखं बघतो."

तो नखं बघतो. हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. मी आईला सांगितलं नव्हतं, मित्राला सांगितलं नव्हतं. ओट्यावर ज्वारीचे दाणे बांधताना तिला सांगितलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही आठ दिवसांत विसराल," बायको म्हणाली. "आई म्हणाली होती, पुरुष काय, बोलतात आणि विसरतात. पण तुम्ही रोज झाकण काढायचा. झाकणाचा आवाज आला की मी उगाच भांडी घासायला काढायचे. आज विचारतील, आज विचारतील."

हे मी त्या दिवशी नीट ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात वाटीतला रंग होता.

पुढच्या रविवारी एकटाच जळगावला गेलो. अक्का गहू निवडत बसली होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला समजलं असावं, कारण तिनं 'भावजय कशी आहे' असं नेहमीचं विचारलं नाही.

"टेबलक्लॉथ कोणी केला?"

"मी केला. मंग?"

"आन तिची बोटं?"

"ते बी मीच बुडवली." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "पोरगी वाईट आहे का? उलटून बोलते का? सैपाक येत नही?"

"ते विचारत नही मी."

"मंग काय विचारतो? दोरा ओवता येत नही म्हणून कोनी बायको टाकते का?"

आतून तिच्या सासूचा आवाज आला, "काय झालं रे भाऊ? पोरीनं भाजीत मीठ जास्त टाकलं का?"

"काही नही, आत्याबाई," अक्का म्हणाली आणि मग आवाज खाली आणून बोलली. "तू या घरात इतके वर्स जेवला. एक दिवस तरी तुह्यापुढचं ताट कोनी सारलं? नही. काहून नही? तू पह्यल्या वर्साले होता तवा आत्याबाई म्हणे, भावाले पाठव परत, आपलं घर म्हंजे बोर्डिंग नोहे. मी पाया पडली. मंग त्या म्हणे, बरं, राहू दे. पन शिकला की माह्या बहिनीच्या पोरीले पदरात घ्यायचं. मी हो म्हटलं. नही तर तू मळ्यात घड वाह्यत राह्यला असता."

म्हणजे मी ओट्यावर बसून 'शिवणकाम येणारी पाहिजे' म्हणत होतो, तेव्हा मुलगी कधीचीच ठरलेली होती. मी मागितलेली एकुलती एक गोष्ट अक्कानं ऐकून घेतली ती मला देण्यासाठी नाही, माझा नकार कुठून येईल ते पाहून ठेवण्यासाठी.

"मले सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हटलं असतं?"

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. "आता म्हणतो."

"तवाबी म्हटलं असतं. तू सांगितलं असतं तर डोये मिटून हो म्हटलं असतं."

ती उठली. जेवून जा म्हणाली. मी जेवलो. त्या घरात न जेवता उठणं मला जमलं नाही. पूर्वी त्या स्वयंपाकघरात बसलो की वाटायचं, हे सगळं मला मायेनं मिळतंय. त्यात मायाही होतीच, हे मला माहीत आहे. आता त्याच ताटाकडे पाहताना वाटत होतं की याची बोली माझ्या पाठीमागे कधीच लागली होती, आणि बोलीत मी होतो.

धुळ्याला परत आल्यावर मी पुष्कळ दिवस मशीनला हात लावला नाही. शेजारच्या मावशीनं विचारलं, "काय भाऊ, मशीन बिघडनं का?" मी हो म्हणालो. बायको माझ्याशी जपून बोलायची. एकदा तिनं दोरा ओवायचा प्रयत्न केलेला मी पाहिला. मी पाहतोय हे लक्षात येताच तिनं सुई ठेवून दिली. मला तिचा राग नव्हता. तिला कशात रस होता ते मला हळूहळू समजत गेलं. ती संपूर्ण वर्तमानपत्र वाचायची, जाहिरातींसकट. हिशेबात माझ्यापेक्षा तरबेज होती. आमचं चांगलं जमलं, आजही जमतं. पण ते दुसरं स्टूल मी मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

दिवाळीच्या आधी मेव्हणे धुळ्याला आले. हातात पिशवी. पिशवीत दोन मोठे पांढरे केंब्रिकचे तुकडे, दोऱ्याची नवी रिळं, रंगाच्या पुड्या.

"तुझ्या बहिणीनं पाठवलंय," ते चहा पिताना म्हणाले. "आमच्या धाकटीला पाहायला येणार आहेत. चाळीसगावचे आहेत, मुलगा मास्तर. त्याच्या आईला हस्तकलेची फार हौस, असं समजलं. एक चादर आणि एक टेबलक्लॉथ. मोर काढ म्हणाली. ती म्हणाली, तुझा हात साफ आहे, दोन्हीकडून पाहिलं तरी चालेल."

धाकटी म्हणजे अक्काची नणंद. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलेलं.

"तिला येतं का यातलं काही?"

मेव्हणे हसले. "तिला कुठं येतं? तिनं कधी बटण लावलं नाही." माणूस भला. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. मला वाटतं, आधीचंही त्यांना धड माहीत नसावं. ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पिशवी मशीनवर राहिली.

मी बायकोला म्हणालो, "काय करू?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, काढून द्या, वन्संना सासरी ऐकून घ्यावं लागेल. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तुम्हाला फसवलं, फसवलं, असं तुम्ही म्हणता. ते खरंच आहे. पण तुम्हाला निदान काही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि मी रोज तुमच्यासमोर बसून जेवत होते. त्या मुलीला तसं बसवायचं असेल तर काढून द्या मोर."

तेव्हा मला झाकणाच्या आवाजाचं तिचं बोलणं पहिल्यांदा खरोखर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना मी जाड कागद घेतला. कापड, रिळं, पुड्या, सगळं होतं तसं बांधलं आणि वर हे पत्र ठेवून जळगावला पाठवलं. त्याची प्रत मी ठेवली नव्हती, पण प्रत्येक ओळ मला पाठ आहे.

अक्का,

तुला वाकून नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत.

तू पाठवलेलं कापड परत पाठवतो आहे. त्यावर एकही टाका घातलेला नाही. राग म्हणून परत केलं असं तुला वाटेल. राग आहे, तो मी लपवत नाही. पण नुसत्या रागानं मी तुझं काम परत केलं नसतं. आजवर तुझं कोणतंही काम मी परत केलेलं नाही.

धाकटीच्या स्थळासाठी मोर काढून द्यायला मला जमणार नाही. त्या मास्तरच्या आईला मी ओळखत नाही, पण ती कापडावर हात फिरवून मनात काहीतरी ठरवील, आणि धाकटीला ते ठरवलेलं रोज सांभाळत बसावं लागेल. आमच्या घरात हे झालं आहे. तू टेबलक्लॉथ देऊन जळगावला परत गेलीस, हिला मात्र तो धुळ्याला घेऊन यावं लागलं. ती किती घाबरून राहत होती हे तुला माहीत नाही. मलाही उशिरा समजलं. धाकटीला शिकायची इच्छा असेल तर सुटीत इकडे पाठव, मी पहिल्यापासून शिकवीन. इच्छा नसेल तर पाहुण्यांना तसं सांगा. तिला दुसरं काही येत असेलच.

तू माझ्यासाठी सासूबाईंच्या पाया पडलीस, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ते ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. मी बी.ए. झालो याचं श्रेय मी सगळीकडे तुला देतो आणि यापुढेही देईन. पण तू त्यांना शब्द दिलास, तेव्हा मी पलीकडच्याच खोलीत अभ्यास करत असेन. मला हाक मारायची होतीस. तू एकटीनं ते ओझं इतकी वर्षं वागवलंस, आणि शेवटी माझ्या पाठीवर ठेवलंस तेही माझ्या नकळत. मी तुझा भाऊ आहे, अक्का. मला न विचारता तू माझं काहीही घेतलं असतंस तरी चाललं असतं. मी विश्वासानं तुला जे सांगितलं होतं तेच तू वापरलंस, एवढं मात्र व्हायला नको होतं. आता तुझ्याजवळ बसलो की काय बोलावं हे मला सुचत नाही, आणि पूर्वी मला फक्त तुझ्याजवळच बोलता यायचं.

भाऊबीजेला ही येईल. तिचा तुझ्यावर राग नाही, तिला तू आवडतेस. तिला मशीनवर बसायला सांगू नकोस.

मी या दिवाळीला येणार नाही. पुढच्या दिवाळीचं आज सांगता येत नाही. तुला दुखवायला हे लिहीत नाही. आलो तर मी जेवेन, हसेन, आणि आतून तुझ्याकडे पाठ फिरवून बसेन. ते तुला समजेल आणि तू काही बोलणार नाहीस. ते मला नको आहे.

आबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना वाटतं, तू मला शिकवलंस आणि संसारही लावून दिलास. तसंच वाटू दे.

तुझा,
भाऊ